मधली धूळ

निऑनचा दिवा सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण तो वाकवणारा माणूस फारसा कुणी पाहिलेला नसतो. दिवा रस्त्यावर, माणूस आत. ज्या खोलीत हे दिवे जन्माला येतात तिथे झगमगाट नावालाही नसतो. एक लांब टेबल, त्याच्या टोकाला आगीची फणी असावी तसा बर्नर, भिंतीला टेकून उभ्या काचेच्या सरळ नळ्या, आणि कोपऱ्यात दमेकरी म्हाताऱ्यासारखा धापा टाकणारा पंप. अशा एका खोलीत फुंकरदादाचं उभं आयुष्य गेलं.

फुंकरदादा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. काच तापून मेणासारखी झाली की ती दोन्ही हातांनी वळवायची आणि त्याच वेळी तोंडातल्या रबरी नळीतून आत हलकी फुंकर घालायची, नाहीतर वळणावर काच चिमटते. जोरात फुंकलं तर फुगा, हळू फुंकलं तर चिमटा. या दोहोंच्या मधली जी फुंकर, ती या माणसाला साधली होती. न्हाव्याच्या दुकानावरची निळी कात्री, चांभाराच्या दारातला पिवळा बूट, चित्रपटगृहाच्या माथ्यावरची तांबडी अक्षरं, सगळी त्याचीच लेकरं. तोंडावर लोक फुंकरदादा म्हणत, पाठीमागे फुंकऱ्या. त्याला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हींचा अभिमान होता.

आयुष्यात त्याने वैर धरलं ते एकाच गोष्टीशी, धुळीशी. वाकवलेली नळी पंपाला जोडून, तिच्यातून वीज सोडून ती इतकी तापवायची की वर ठेवलेला कागदाचा कपटा तपकिरी व्हावा. मग आतली ओल, मळ, शिळी हवा सगळं पंप ओढून घेतो. त्यानंतर चिमूटभर वायू आत सोडून तोंड बंद. आत कणभर घाण राहिली तर रंग जन्माचा डागाळला. म्हणून दुकानात चपला चालत नसत, झाडू चालत नसे, जोरात शिंकलेलंही चालत नसे. बायको सकाळ-संध्याकाळ ओल्या फडक्याने फरशी पुसायची.

"एवढं घर पुसलं असतं तर त्याचा राजवाडा झाला असता," ती म्हणायची.

"राजवाड्यात निऑन नसतो," तो म्हणायचा, आणि विषय संपायचा.

पंप बायकोच्या ताब्यात होता. वायूची मापं, विजेचा खटका, तोंड बंद करायची वेळ, सगळं ती पाहायची. आग मात्र त्याची. बर्नरपाशी दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. आगीत निळ्या ज्योतींची एक रांग असते, तिची टोकं कुठवर पोचली हे पाहून काच कितपत तापते आहे ते कळतं. ते पाहायला त्याला कुणी शिकवलं होतं, ते शिकवणाऱ्याचं काय झालं, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं. त्याचा उस्ताद मोठा कारागीर. आगीसमोर जन्म काढणाऱ्याला मोतीबिंदू लवकर गाठतो, तसा त्याला गाठला. त्या काळचं ऑपरेशन, ते बिघडलं. उस्ताद उरलेलं आयुष्य दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसला आणि शिष्यांनी वाकवलेल्या नळ्या बोटांनी चाचपत राहिला. फुंकरदादाने तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, काहीही होवो, डोळ्याला सुरी लावून घ्यायची नाही.

आता निऑनचे दिवस सरत आले होते. बायकोचा धाकटा भाऊ प्लास्टिकच्या दिव्यांच्या पट्ट्या विकायचा, ज्या कापडी फितीसारख्या मापून कापून देता येतात. तो आठवड्यातून एकदा यायचा आणि दारातच उभा राहायचा, कारण चपला काढायला त्याच्या जिवावर यायचं.

"भावोजी, अजून फुंकताय? आमच्याकडे नुसतं चिकटवलं की उजेड."

"चिकटवलेल्या मिशा पण असतात रे. म्हणून काय कुणी न्हाव्याकडे जायचं सोडलंय?"

मेहुणा हसायचा, पण गिऱ्हाइकं त्याच्याकडे जायची हेही खरंच होतं.

अशात एक दिवस तारांगणाच्या मॅडम दुकानात आल्या. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या बाई, तारांगणात नवं दालन उघडणार होत्या. दारात कुणी न सांगता त्यांनी चपला काढल्या, तिथेच फुंकरदादाचं मन अर्धं जिंकलं. त्यांनी टेबलावर एक मोठा फोटो पसरला. काळोखात फिरणारं एक चक्र, मधे उजळ डोळा, त्यातून निघून वळत गेलेले दोन हात, आणि त्या हातांवर गुलाबी ठिपके.

"ही दीर्घिका. आपली आकाशगंगा आहे तशी. हे गुलाबी ठिपके म्हणजे जिथे नवे तारे जन्मतात त्या जागा. तिथे हायड्रोजन वायूचे ढग असतात. नव्या ताऱ्याचा तापट उजेड त्या वायूला फोडतो, आणि फुटलेले तुकडे पुन्हा जुळताना वायू चमकतो. तुमच्या नळीत वीज जे करते, तेच तिथे तारा करतो. म्हणून मला हे पट्ट्यांचं नको, नळ्यांचं हवं. खरा हायड्रोजन भरलेला."

फुंकरदादाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बायकोकडे बघून तो म्हणाला, "ऐकलंस? आभाळातसुद्धा निऑनवाले आहेत."

"ते फरशी पुसून घेतात का, विचारा," बायको म्हणाली.

मॅडम हसल्या. "नाही, उलट तिथे धूळ भरपूर. आणि तीही मला दाखवायची आहे. हे काळे पट्टे दिसतात ना, हाताच्या आतल्या कडेने गेलेले? ती धूळ."

"धूळ दाखवायची?" त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "माझ्या नळ्यांवर?"

"समोर एक काच लावून, तिच्यावर. दादा, त्या धुळीला नावं ठेवू नका. तिच्या सावलीत वायू गार होतो, आळतो, आणि मग त्यातून तारा होतो. उघड्यावर नाही होत."

"म्हणजे बाळंतिणीची खोली," बायको म्हणाली. तिच्या डोक्यात तेच होतं. मुलीचे दिवस भरत आले होते.

काम ठरलं. दाराएवढी चौकट, तीत दीर्घिकेचा एक वळता हात. हायड्रोजनचा दिवा लवकर थकतो, म्हणून पाहणाऱ्याने बटण दाबलं तरच तो पेटायचा. दालन उघडण्याआधी नळ्या तयार होऊन टिकायला हव्यात, नाहीतर तारांगणाचे साहेब पट्ट्या आणायच्या म्हणत होते, हे मॅडमनी स्वच्छ सांगितलं. पट्ट्या कुणाकडून येतील हे सांगायची गरज नव्हती. फुंकरदादाने ओळखलं, हे गेलं की गेलं. बर्नर एकदा विझला की मग दारात खुर्चीच.

पहिल्या नळ्या सुरेख झाल्या. मग बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली, आणि नळ्या तडकायला लागल्या.

आज वाकवलेली नळी उद्या सकाळी वळणावर चिरलेली असायची. कधी टिचकीसारखा आवाज व्हायचा, कधी तोही नाही. त्याने काच बदलली. गॅसची टाकी बदलली. खिडक्यांच्या फटी कागदाने बुजवल्या, फरशी स्वतः गुडघ्यांवर बसून पुसली. मेहुणा दारात आला आणि केराच्या डब्याकडे बघून म्हणाला, "भावोजी, हे दिवे करताय का चाळणी?" फुंकरदादाने डब्यावर झाकण टाकलं. मेहुणा त्या दिवशी लवकर गेला.

बायको परत आली, नातीची बातमी घेऊन आली, आणि त्याच दुपारी मॅडम काम बघायला आल्या. त्यांनी बोटाएवढी पारदर्शक पट्टी आणली होती, तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेघा. ती डोळ्यासमोर धरून उजेडाकडे पाहिलं की उजेडातले रंग सुटे होऊन शेजारीशेजारी उभे राहतात.

त्यांनी हायड्रोजनची एक नळी पेटवायला सांगितली. बायकोने खटका दाबला.

"आता बघा दादा. हायड्रोजनची सही आहे ही. एक तांबडी रेघ, एक निळसर हिरवी, एक जांभळी. पृथ्वीवर बघा नाहीतर आभाळात, याच. आणि त्यांचा वाटाही ठरलेला. आभाळातल्या अशा ढगात तांबडीला साधारण तीन वाटे, तर निळसरीला एक. ढगाकडून येणारा निळा भाग त्याहून कमी भरला, तर आम्ही ओळखतो की मधे धूळ आहे. धूळ निळा खाते आणि तांबडा सोडते. किती निळा खाल्ला त्यावरून मधे किती धूळ आहे, तेही कळतं. तिथे न जाता."

फुंकरदादाने पट्टी धरली. तांबडी रेघ निखाऱ्यासारखी उभी होती. तिच्या पलीकडे एक मळकट हिरवट छटा. त्यापुढे काळोख.

"दोनच आहेत," तो म्हणाला. "दुसरीपण पुसट."

मॅडमनी पट्टी घेऊन पाहिलं. मग ती बायकोच्या हातात दिली.

"तीन," बायको म्हणाली. "जांभळी तर केवढी गोड आहे."

फुंकरदादाने पट्टी परत घेऊन पुन्हा पाहिलं.

"माझ्या नळीत धूळ नाही," फुंकरदादा म्हणाला. आवाज चढला होता. "वाटलं तर फोडून बघा. माझ्या नळीत कधी धूळ नसते!"

"नळीत नाही दादा," मॅडम हळूच म्हणाल्या. "नळी तीच आहे."

त्याला कळलं. कळलं म्हणूनच तो उठला, बर्नर बंद केला आणि आज तब्येत बरी नाही म्हणाला. मॅडम पट्टी टेबलावर ठेवून गेल्या. विसरल्या की मुद्दाम ठेवली, हे त्यांनी पुढेही कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायको बाजारातून आली तर दुकानातल्या सगळ्या नळ्या पेटलेल्या. फुंकरदादा पट्टी घेऊन एकेकीसमोर उभा राहत होता. आधी उजवा डोळा झाकून, मग डावा. खिडकीतल्या उन्हाकडे बघून झालं, बर्नरच्या ज्योतीकडे बघून झालं. सगळीकडे तेच. इंद्रधनुष्याचं एक टोक कुणीतरी कात्रीने कापून नेलं होतं.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्याने पाठ न वळवता विचारलं.

बायकोने पिशवी खाली ठेवली. "माझी निळी शाल तुम्ही करडी म्हणालात तेव्हापासून."

"ती तर तू मागल्या थंडीत..."

"त्याच्या मागल्या."

तो खुर्चीत बसला. "आणि नळ्या? तू असताना एकही तडकली नाही."

बायकोने फरशीचं फडकं उचललं. मग म्हणाली, "तुम्ही नळी उचलायला भिंतीकडे वळलात की मी गॅसची चावी सारखी करायची. आतली निळी टोकं तुम्हाला दिसत नव्हती, बाहेरच्या ज्योतीवरून आग आखूड ठेवत होतात तुम्ही. काच वरून तापायची, आतून कच्ची राहायची."

"माझ्या आगीला हात लावलास?"

"लावला."

"माझ्या आगीला!"

"अहो, मग काय करू? सांगितलं असतं तर ऐकलं असतंत? उस्तादाची खुर्ची डोक्यात घेऊन बसलात. मी म्हटलं, जोवर निभतंय तोवर निभवू. आता ते चक्र काही चावीने निभत नाही."

असं म्हणतात की खऱ्या कारागिराला शिवी दिलेली चालते, पण त्याचं हत्यार उचललेलं चालत नाही. फुंकरदादा त्या दिवशी जेवला नाही. पण न जेवता बसलेल्या माणसाला विचार करायला वेळ मिळतो. निम्म्याहून अधिक संध्याकाळ तो केराच्या डब्यातले तडकलेले तुकडे काढून बघत होता. आणि त्याला जे दिसलं ते असं, की सुरीला भिऊन तो बसला खरा, पण खुर्ची तर आधीच आली होती. फक्त ती दारात नव्हती, बर्नरसमोर होती, आणि तिला बायकोने मागून आधार दिला होता.

"डॉक्टरकडे तू येशील ना?" त्याने विचारलं.

"नाही, तुमच्या मेहुण्याला पाठवते," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी दोन्ही डोळे पाहिले आणि विचारलं, "कशासमोर काम करता?" उत्तर ऐकून मान हलवली. दोन्ही मोतीबिंदू पिकलेले होते, मधासारखे पिवळे. आधी उजवा करू म्हणाले, मग डावा. उस्तादाची गोष्ट फुंकरदादाने त्यांना पूर्ण ऐकवली. त्यांनीही ती पूर्ण ऐकून घेतली, आणि म्हणाले, "तेव्हाची आग तीच आहे काका, पण आमची हत्यारं बदललीत." मधल्या दिवसांत मॅडमनी साहेबांना कसंबसं थांबवलं. म्हणाल्या, कारागीर उपकरण दुरुस्तीला गेलाय. ते खोटं नव्हतं.

उजव्या डोळ्यावरची पट्टी सुटली त्या सकाळी फुंकरदादा दवाखान्याच्या पायरीवर उभा राहिला आणि पहिलंच बोलला, "हे काय घातलंयस?"

"शाल. निळी."

"एवढी निळी?"

घरी जाताना वाटेत न्हाव्याचं दुकान लागलं. वरची कात्री भर दिवसा पेटलेली होती. तो जागीच थबकला. गेल्या वर्षी तिचा रंग फिका वाटला म्हणून त्यानेच दुरुस्त करून दिली होती. आता ती अशी भडक जांभळी-निळी दिसत होती की बघणाऱ्याने डोळे मिटावेत.

"तू काही बोलला का नाहीस?" त्याने न्हाव्याला विचारलं.

"मला वाटलं नवीन फॅशन असेल," न्हावी म्हणाला. "गिऱ्हाइकं लांबून येतात, काय झालंय ते बघायला."

दुकानात आल्यावर त्याने बर्नर पेटवला. ज्योतींची रांग उठली, आणि तिच्या आत दुसरी रांग, टोकदार, निळीशार. बायको चावीपासून दूर, पंपाजवळ उभी होती, मुद्दाम हात मागे बांधून. त्याने टोकं वर आणली, आणखी वर, आणि थांबला.

"बरोबर?" त्याने विचारलं.

"मला काय कळतंय आगीतलं," ती म्हणाली.

मग नळ्या झाल्या. वळणावर वळण, गाठीवर गाठ, आणि एकही तडकली नाही. राहिली होती समोरच्या काचेवरची धूळ. त्याने काजळी आणि विटेची वस्त्रगाळ पूड रोगणात कालवून काचेवर फवारली. मॅडम आल्या, पाहिलं, म्हणाल्या, "अजून हवी." पुन्हा फवारली. "आतल्या कडेला अजून." जन्मभर धूळ पुसून काढणाऱ्या माणसाला कुणी धूळ वाढायला बसवलं होतं, आणि ताटात किती वाढायची याचा अंदाज त्याला येईना.

डाव्या डोळ्याची तारीख आली होती. आदल्या दिवशी तो डॉक्टरांकडे गेला आणि म्हणाला, "महिनाभर थांबता येईल?"

"दुखतंय का काही?"

"नाही. मला तो तसाच हवाय. कामाला."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने हात जोडले, म्हणजे, मला विचारू नका.

काम असं होतं. काच नसलेली उघडी नळी तो डाव्या डोळ्याने बघे, जुन्या, पिवळ्या. मग काचेआडची नळी उजव्याने, नव्या. एकदा हा डोळा झाकायचा, एकदा तो. काचेवर थर कमी असला की दोन रंग भांडायचे. आणखी फवारलं की जवळ यायचे. जिथे दोन्ही डोळ्यांना एकच रंग दिसला, तिथे त्याने हात थांबवला. दीर्घिकेच्या हाताच्या आतल्या कडेला जो दाट पट्टा होता, तो अगदी त्याच्या डोळ्यातल्या धुळीएवढा झाला. पुढे बाहेरच्या अंगाला तो विरळ विरळ करत नेला.

मॅडमनी आपलं यंत्र लावलं, आकडे पाहिले, पुन्हा लावलं.

"हे माप तुम्ही कुठून काढलंत?"

त्याने डाव्या डोळ्याकडे बोट केलं.

त्या हसायला लागल्या, मग हसता हसता थांबल्या. "दादा, एवढी धूळ मधे असलेल्या कितीतरी जागा आहेत वर. शोधायचीसुद्धा गरज नाही."

"असतील की. तिथे पण कुणी जन्मभर आगीसमोर बसलं असेल."

दालन उघडायच्या आदल्या दिवशी चौकट तारांगणात लागली. मेहुणाही आला होता. दालनाच्या वाटेवर लावायच्या पट्ट्या त्याच्याकडूनच घेतल्या होत्या, तेवढं फुंकरदादाने स्वतः मॅडमना सुचवलं होतं. मेहुण्याने बटण दाबलं. काळोखातून तो हात उजळत आला. कडेला गुलाबी-जांभळा, आत तांबूस, आणि अगदी आतल्या कडेला तपकिरी सावलीत बुडालेला, तिथे फक्त तांबडंच तेवढं पोचत होतं.

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "हे चिकटवून नाही व्हायचं."

"नाहीच व्हायचं," फुंकरदादा म्हणाला, आणि पुढे काही न बोलण्याचा मोठेपणा त्याने त्या दिवशी दाखवला.

बायको कडेला उभी होती, निळी शाल घेऊन. त्याने उजवा डोळा झाकून तिच्याकडे पाहिलं. करडी. मग डावा झाकला.

"काय बघताय?"

"उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचंय," तो म्हणाला. "डाव्याचं काम झालं."

"आणि परवा?"

"परवा बर्नर लावायचा नाही, डॉक्टर ओरडतील." त्याने डोळ्यावरचा हात काढला. "तू लाव. मी बघत बसतो, टोकं कुठवर जातात ते."

दिवा आपोआप विझला. मेहुण्याने पुन्हा बटण दाबलं.